शेवग्यावरच्या सरड्याची पाहणी

९ एप्रिल १९८३, शनिवार

हे रजिस्टर पूर्ण कोरे नाही. उस्मानाबादपासून आपला लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा कागदांबरोबर जी जुनी रजिस्टरे आली, त्यातले हे रद्दीत निघाले. डावी पाने भरलेली आहेत, उजवी रिकामी. आमचे हेडक्लार्क नरसिंगराव म्हणाले, "ने सिद्धलिंगा घरी. तुला लिहिल्याबिगर करमत न्हाई." मी नववीपर्यंत शिकलो. कचेरीत हंगामी शिपाई आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही म्हणून टेबल-खुर्च्यांची यादी माझ्याकडूनच लिहून घेतात.

लिहायला बसण्याचे कारण कमळ. माझी पत्नी, कमलम्मा. तिला सहावा महिना आहे. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात पोटातले मूल गेले होते. आता पुन्हा तिची नखे पांढरी दिसतात आणि परसाच्या तीन पायऱ्या चढली की बसते. खरे तर पहिले बाळंतपण माहेरी व्हायला हवे. पण शिरूर अनंतपाळहून तिच्या भावाचा निरोप आला की विहिरी आटल्या, गाव खडी फोडायला जाते, बाईला तिकडेच ठेवा.

आज शेजारच्या पारूबाईने कुंपणावरून माझ्या आईला हाक मारली. आईला मी अव्वा म्हणतो.

"गुरम्मा, सुनंच्या तोंडाकडं बघितलंस का? निस्तं पांढरंफट्ट. आन शेवग्यावरचा त्यो सरडा बघ. कसा टक लावून बघतोय तिच्याकडं."

"बघू दे की. सरडाच हाय."

"अगं, गळा बघ त्याचा. लाल झालाय का न्हाई? कुणाचं रगत हाय ते?"

अव्वाने हातातले सूप खाली ठेवले. मी पण पाहिले. गळा लाल होता.

लहानपणी आम्ही सगळे हेच ऐकत होतो, सरडा नजरेने रक्त पितो. खरे की खोटे ते मला माहीत नाही. नरसिंगराव यादी करताना सांगतात, ऐकीव लिहायचे नाही. डोळ्यांनी बघायचे, वेळ टाकायची, जागा टाकायची. म्हणून सोमवारपासून तसे करणार.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी ६.४०. सरडा शेवग्याच्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथे. रंग सालीसारखा, राखाडी. हालचाल नाही.

६.५५. ऊन अंगावर आल्यावर रंग पिवळसर झाला.

७.०५. कमळ न्हाणीशी भांडी घासू लागली. खरकटे पाणी तिने शेवग्याच्या बुंध्याला ओतले. सरड्याने मान वळवली. एक डोळा तिच्याकडे, दुसरा कुठे ते सांगता येत नाही, कारण त्याचे दोन डोळे वेगवेगळे फिरतात.

७.१०. पुढचे पाय ताठ करून जोर काढल्यासारखा वर-खाली झाला. चार वेळा. मग गळा फुगला आणि लाल झाला.

कमळ हसली. "तालमीत घातलंय वाटतं ह्याला कुणीतरी." मी लिहितो आहे हे पाहून म्हणाली, "अवो, सरड्याचा पंचनामा झाला असंल तर घागर तेवढी उतरवा."

७.२५ पर्यंत बुंध्यावरच्या सत्तावीस मुंग्या खाल्ल्या. त्या मी मोजल्या. जीभ बाहेर येते पण लांबून नाही, जवळ जाऊन टिपतो.

९.०० वाजता जेवून कचेरीला गेलो.

१२ एप्रिल

काल रात्री झोप नाही. कमळचा श्वास मोजत राहिलो.

१४ एप्रिल, गुरुवार

सरडा पकडला. टोपले टाकून. रक्त पीत असेल तर काही साधन असायला हवे, म्हणून तोंड पाहायचे होते. काडी पुढे केली तर त्याने आ वासला आणि तसाच राहिला. जबडा आतून पिवळट, दात बारीक, करवतीसारखे. नळी किंवा सोंड नाही. काडी धरली ती सोडेना. रंग गळून फिकट झाला, गळ्याची लाली एकदम गेली. पाल शेपूट टाकून पळते तसे याने टाकले नाही. टोपले उचलल्यावर शेवग्यावर चढला आणि खोडाच्या पलीकडे गेला. मी त्या बाजूला गेलो तर तो या बाजूला. तीन फेऱ्या झाल्या, मला त्याची फक्त नखे दिसत होती.

अव्वा म्हणाली, "पोरखेळ बंद कर सिद्धा. कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

नोंद: साधन दिसले नाही. पण नजरेने पीत असेल तर साधन लागणारच नाही.

१७ एप्रिल, रविवार

सुट्टी. दिवसभर पाहणी.

दुपारी ३.२० ला कमळ मागच्या भिंतीला टेकून बसली. भिंतीचा पोपडा नखाने काढला आणि तोंडात टाकला. मी विचारले तर दचकली. म्हणाली, "वास चांगला येतो मातीचा." किती दिवसांपासून? "कधीमधी." सरडा उन्हाला याच भिंतीवर बसतो. त्याच्या जागेची माती तिला का हवी व्हावी, ते कळत नाही. मला हे लक्षण चांगले वाटत नाही.

संध्याकाळी टँकर आला. दोन घागरी मिळाल्या. कमळ परत आल्यावर उंबऱ्यातच बसली. घामेजली होती. मी म्हणालो जेवून घे. "झालं की मघाशी," म्हणाली.

२१ एप्रिल, गुरुवार

आज पाने मोजून तक्ता केला. नऊ वेळा गळा लाल झालेला पाहिला. नऊपैकी आठ वेळा कमळ दहा हातांच्या आत होती. एकदा अव्वा होती, पण कमळ नुकतीच तिथून उठली होती.

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत नरसिंगरावांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय, सरड्याची फाईल? नव्या जिल्ह्याला पहिलीच असंल." मग नीट वाचून म्हणाले, "आणि बाई घरात नसताना कितीदा बघितलंस?"

"ती नसताना कशाला बघू साहेब? तिचंच तर बघायचंय."

ते बराच वेळ हसले. म्हणाले, "तुझा पंचनामा कोर्टात टिकायचा न्हाई." त्यांना गंमत सुचते. त्यांची सून काही पांढरी पडलेली नाही.

२४ एप्रिल, रविवार

सरडा मारला.

काल कमळला न्हाणीत अंधारी आली. अव्वा रात्री देव्हाऱ्यापाशी बसून राहिली. सकाळी मला म्हणाली, "आपल्यात जीव मारत न्हाईत, मी मार म्हणणार न्हाई. पर मागच्यासारखं झालं तर ह्या घरात मी ऱ्हाणार न्हाई." हे तिचे मार म्हणणेच होते.

तो कसा लपतो ते आता मला पाठ होते. माणूस ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला तो जातो. म्हणून मी माझा सदरा काठीवर अडकवून काठी पूर्वेला रोवली, सदरा वाऱ्याने हलत राहिला, आणि स्वतः पश्चिमेला उभा राहिलो. तो सरकत सरकत बरोबर माझ्यासमोर आला. सदऱ्याकडे लक्ष ठेवून होता. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. एकाच दगडात झाले. ९.५० वाजता.

कमळ दारात उभी होती. म्हणाली, "त्यानं काय केलं होतं वो?"

मी तक्ता दाखवला. तिला वाचता येते, दुसरीपर्यंत गेली आहे. तिने वाचला नाही. तिने भांड्यांच्या राखेच्या ढिगाशेजारी खड्डा करून त्याला पुरले आणि वर थोडे पाणी टाकले. टँकरच्या पाण्यातले.

अव्वाने मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. अर्ध्या बादलीत.

२५ एप्रिल, सोमवार

आज तिचा चेहरा जरा बरा वाटला. अव्वालाही वाटला. पारूबाई म्हणाली, "बघा, म्या म्हणले न्हवते?"

२७ एप्रिल, बुधवार

शेवग्याच्या दुबेळक्यात दुसरा सरडा. पहिल्यापेक्षा लहान. तीच जागा, त्याच बाजूला तोंड. ६.३० ला गळा लाल केला. समोर भिंतीवर आणखी एक सरडा होता, भुरा, आणि हा त्याच्याकडे बघून जोर काढत होता.

कमळ त्या वेळी घरात नव्हती. टँकरच्या रांगेत गेली होती.

जुना तक्ता काढून त्यात ही ओळ खाली जोडली.

२८ एप्रिल

पुन्हा लाल. पुन्हा कमळ नव्हती. भुऱ्याला हाकलून लावले की लाली उतरते.

मला शेतातल्या ढेकळासारखे कोरडे वाटते आहे. कुणाला सांगितले नाही.

३० एप्रिल, शनिवार

कमळ टँकरजवळ पडली. बायकांनी उचलून आणली. घागर फुटली नाही, पितळेची आहे, पण तिला पोचा पडला. कमळच्या ओठांवर रंग नाही. तिचे पहिले वाक्य होते, "पाणी सांडलं का सगळं?"

अव्वा म्हणाली दुसरा सरडा आला म्हणून. मी म्हणालो, नाही. अव्वा म्हणाली, "मग काय?" उद्या रविवार. परवा दवाखान्यात नेणार. पहिल्यांदाच.

२ मे, सोमवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

दवाखान्यातल्या नर्स सिंधुबाई. चाळिशीच्या आत, आवाज मोठा. त्यांनी कमळच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाल्या, "इकडं या, बघा. काय रंग दिसतो?"

"पांढरा."

"लाल पाहिजे." मग बोटाला सुई टोचून रक्त नळीत घेतले. "साडेसहा. अकराच्या वर पाहिजे. बाळंतपणात एक वाटीभर रक्त जास्त गेलं तर बाई हाताला लागत न्हाई. मूल बी." कमळसमोरच बोलल्या. कमळ खिडकीकडे बघत होती.

मी म्हणालो, "बाई, मी नोंद ठेवली आहे. वेळेसकट." रजिस्टर पुढे केले. आमच्या पाठीमागे बायकांची रांग होती, तरी त्यांनी पाने उलटली. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माती खाती?" कमळला विचारले. "रक्त कमी असलं की बायका माती खातात. आता सांग, जेवतीस काय?"

"घरात असतंय ते सगळं."

"काल दुपारी काय?"

"भाकर."

"किती?"

कमळने पदर नीट केला.

सिंधुबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. तुमी तर लिहिणारे."

मी पाने चाळली. सगळी चाळली. त्यांनी माझ्या हातातून रजिस्टर घेतले आणि पुन्हा पहिल्या पानावर बोट ठेवले. "सरड्यानं सत्तावीस मुंग्या खाल्ल्या. मोजून. बायकोचं पान कुठंय?"

रांगेतली एक बाई हसली. मग कुणीच हसले नाही.

लाल गोळ्या दिल्या. खायला गूळ, शेंगदाणे, पालेभाजी. परसात शेवगा आहे ना, त्याचा पाला. "आणि हिला आधी जेवू घाला. उरलेलं न्हाई. आधी."

येताना बसमध्ये कमळ म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला काढलं ते रजिस्टर?"

३ मे, मंगळवार

कचेरीला उशिरा येतो असे सांगून घरी थांबलो. माझे जेवण ९ वाजता झाले. तीन भाकरी. आजवर किती खातो ते मोजले नव्हते. मग अव्वा जेवली, दोन. मी उंबऱ्यात बसलो. गड्याने चुलीपुढे बसू नये म्हणतात, पण बसलो.

टोपल्यात एक भाकरी उरली होती. कमळने ती अर्धी केली. अर्धी फडक्यात बांधून ठेवली, कुणी आले-गेले तर लागते म्हणून. अर्धी ताटात घेतली, त्यावर मिठाचे पाणी. वरण संपले होते. मी तिथेच आहे म्हटल्यावर ती चुलीच्या पलीकडे सरकली आणि पाठ केली. मी उठून त्या बाजूला गेलो तर ती या बाजूला. "जावा की वो कचेरीला," हसत होती, पण घास ताटातच.

भांडे मात्र जोरात खरवडते. बाहेरून ऐकले तर वाटावे पोटभर चालले आहे. एवढे दिवस मी तेच ऐकत होतो.

५ मे, गुरुवार

अव्वाला सांगितले, आजपासून कमळ माझ्याबरोबर जेवेल.

"गडी आन बाई एका पंगतीला? कुठं बघितलंस?"

"मग माझ्या आधी."

"माझ्या आधी बी?"

उत्तर दिले ते कमळने. "मला सासूच्या आधी घास उतरायचा न्हाई. तुमी दोघं भांडू नका." ताट वाढले होते ते तिने तसेच उचलून अव्वापुढे ठेवले. अव्वा जेवली. मी उठून परसात गेलो.

गोळ्या घेते. पण उपाशीपोटी घेते आणि मळमळते.

६ मे

रागाने मी जेवलो नाही. त्यामुळे कमळही जेवली नाही. हा उपाय चुकीचा आहे.

९ मे, सोमवार

सोमवार म्हणून अव्वाचा उपास. कमळने शेवग्याचा पाला तोडायला हात वर केला तर अव्वा ओरडली, "नगं! उष्ण असतंय. पोटुशीनं खाऊ नये."

मी म्हणालो, दवाखान्यातल्या बाईने सांगितले आहे.

"तिला काय माहीत? मला बी खाऊ दिला न्हवता कुणी."

"कधी?"

अव्वा तांदळातले खडे वेचत होती. वेचतच राहिली. "तुझ्या आधी दोन झाले. एक सात महिन्यांचा. एक जन्मून दोन दिस होता. तवा बी सरडाच म्हणले होते. तुझ्या आज्यानं चार सरडे मारले." खडे बाजूला टाकून म्हणाली, "तुझ्या येळंला आमी मुरुडला ऱ्हायला गेलो. तिथं घरमालकिणीचं दुभतं जनावर होतं. ती मला चोरून दूध द्यायची. तवा तू वाचलास. मला वाटलं, त्या गावात सरडे नसतील."

मला आजपर्यंत वाटत होते की मी पहिलाच.

कमळने तोडलेला पाला हातातच धरला होता. अव्वाने तिच्या हातातून घेतला, निवडला आणि स्वतः फोडणीला टाकला. मात्र आजही कमळ शेवटीच जेवली.

१८ मे, बुधवार

न्हाणीच्या पाण्याने बुंध्याजवळची माती तेवढी ओली असते, बाकी परस तडकले आहे. भुरी सरडी (एप्रिलमध्ये भुरा लिहिला तीच, ती मादी आहे) त्या ओलीत पुढच्या पायांनी खड्डा करत होती. ४.१० ते ४.५०. अर्धी आत गेली. अंडी घालून माती लोटली, वर डोके आपटून दाबली, आणि तिथे काही झालेच नाही अशी चालू लागली. सरडे इथे का येतात याचे कारण ओली माती असावी, रक्त नव्हे. हे मी एप्रिलमध्ये लिहायला हवे होते.

कमळ म्हणाली, "आता तिथं भांडी घासायची न्हाईत, कडंला घासते. पर पाणी तिथंच वतते."

२ जून, गुरुवार

रक्त सव्वासात. सिंधुबाई माझ्यावर चिडल्या, कमळवर नाही. "एका महिन्यात एवढंच?"

अजून ती आमच्या मागून जेवते. फरक इतकाच की अव्वा आता दोनऐवजी एकच भाकरी खाते आणि म्हणते भूक नाही. कमळला हे कळते. ती उरलेली भाकरी झाकून संध्याकाळी अव्वालाच वाढते. दोघी एकमेकींना वाढत राहतात आणि भाकरी वाळते.

मी डबा नेणे बंद केले. कचेरीत नरसिंगराव त्यांच्या डब्यातली भाकरी देतात. काही विचारत नाहीत.

२६ जून, रविवार

पाऊस नाही. टँकर एक दिवसाआड. मी रांगेत जातो. बायका हसतात, पारूबाई सगळ्यांत जास्त. "बायकुचा गडी आला बघा!" घागर डोक्यावर घेता येत नाही, खांद्यावर घेतो. अर्धे सांडते.

रात्री स्वप्नात कुणीतरी काठीवर सदरा हलवत होते.

१४ जुलै, गुरुवार

रक्त आठ. सिंधुबाई म्हणाल्या, "घरी बाळंत करायची न्हाई. कळा सुरू झाल्या की थेट इथं. रात्र असो का दिवस." त्यांनी हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

२७ जुलै, बुधवार

पहाटेपासून दवाखान्यात. दाराबाहेर. लिहिता येत नाही.

२८ जुलै, गुरुवार

काल दुपारी २.३५ ला मुलगी. दोन किलो शंभर ग्रॅम. रडली.

नंतर कमळचे रक्त थांबेना. सिंधुबाई आत-बाहेर पळत होत्या. एकदा बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि परत आत गेल्या. अव्वा भिंतीला धरून उभी होती. गळ्यातले इष्टलिंग मुठीत घट्ट धरले होते. तिने मला एकच विचारले, "काल राती तिनं काय खाल्लं होतं?" मी सांगितले. पाऊण भाकरी, पाला, गूळ. अव्वा म्हणाली, "पाऊण." आणि भिंतीकडे तोंड केले.

४.०० च्या सुमारास थांबले. सिंधुबाईंनी हात धुतले. "मे महिन्यातली असती तर न्हाई वाचली असती," म्हणाल्या. "आता हिला जपा."

३१ जुलै, रविवार

आज घरी आणली. खाट मधल्या खोलीत टाकली. मुलगी कापडात गुंडाळली की शेवग्याच्या शेंगेएवढी दिसते.

अव्वाने पहाटेच चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या, शेपूची भाजी, गूळ-तुपाचा गोळा. माझ्या कचेरीच्या वेळेला जेवायची मला सवय, आज रविवार तरी नऊ वाजता पाटावर येऊन बसलो. अव्वाने ताट वाढले, पहिले, वाफा निघत होत्या, आणि माझ्यासमोरून घेऊन मधल्या खोलीत गेली.

कमळ म्हणाली, "अव्वा, आधी त्यांचं. आधी तुमी."

"गप. खा."

"तुमी न्हाई जेवलाव."

"मी इथंच बसते. तू संपव, मग मी उठते. दिवस मावळला तरी बसते." मग मोठ्याने मला, "सिद्धा, तिथं काय बसलास? तिला लाज वाटती तुझी. बाहेर जाऊन बस."

मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने अव्वाचा, "अजून एक घे." मग पुन्हा भाकरी मोडल्याचा.

पारूबाई कुंपणाशी आली. "जेवलास का रे सिद्धलिंगा?"

"न्हाई अजून. आत जेवण चाललंय."

ती उभी राहून ऐकत होती. मला लई भूक लागली होती. बसून राहिलो.